मुखवटेवाल्याला माझी मंजुरी

मी आजवर एकच सिनेमा लहान मुलांसाठी योग्य ठरवला आहे, आणि त्यात अकरा माणसं मरतात.

(मालकांच्या धाकट्या पिहूच्या मोजणीप्रमाणे बारा. पण बारावा खरंच मरतो की नुसता आडवा होतो, यावर आमच्यात अजून एकमत नाही.)

आता तुम्ही विचाराल, हा कोण लागून गेला सिनेमे योग्य-अयोग्य ठरवणारा? बरोबर आहे. मी संगमनेरजवळच्या एका गावात दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध घ्यायचं, मशीनवर त्याची फॅट काढायची, कॅन धुवायचे. गाव माझं तिकडं खर्ड्याकडचं. कागदावर जिल्हा एकच, पण हा जिल्हाच असा आहे की एका टोकाहून एसटीत बसलेल्या माणसाची दुसऱ्या टोकाला उतरेपर्यंत दाढी वाढते. शाळा आठवीत सुटली. (मी शाळेला सोडलं की शाळेने मला, हे गुरुजींना विचारावं लागेल. मी विचारणार नाही.)

केंद्र भाऊंचं. चार वर्षांपूर्वी पिशवी घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा ते म्हणाले, "जेवलास का रं?" जेवण झाल्यावर म्हणाले, "कॅन धुता येतो का?" झाली मुलाखत! त्यांच्या बायकोला मी ताई म्हणतो, म्हणून त्यांच्या दोन्ही पोरी मला मामा म्हणतात. त्या नात्याने भाऊंना दाजी म्हणायला हवं. पण ज्याने नोकरी दिली त्याला दाजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ताईंच्या हातचं जेवतो, केंद्रामागच्या खोलीत राहतो आणि दिवसातून तीनदा घाबरतो, की आज आपल्या हातून काहीतरी चुकणार आणि हे सगळं जाणार. त्याला कारण लागत नाही. भाऊ नुसते खाकरले तरी मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतो.

तर अशा माणसाकडे ताईंनी सेन्सॉरचं काम दिलं.

झालं असं, की थोरल्या श्रावणीचा बारावा वाढदिवस आला. ती म्हणाली, "मला फुगे नकोत, टोप्या नकोत. मला मैत्रिणींना बोलावून भीतीचा सिनेमा बघायचाय."

"भीतीचा?" ताईंनी लाटणं थांबवलं.

"आख्ख्या वर्गाने बघितलाय आई! मीच राहिलेय. त्यात मुखवटेवाला असतो. रेहानच्या दादाकडे पेनड्राइव्हमध्ये आहे. इंग्रजी आहे, पण हिंदीत बोलतात." (रेहान म्हणजे शेजारच्या पशुखाद्याच्या दुकानवाल्यांचा मुलगा, श्रावणीच्याच वर्गात.) "आणि खूप जुना आहे गं. क्लासिक आहे!"

'क्लासिक' म्हटल्यावर ताई जरा नरमल्या. मलाही वाटलं, जुना म्हणजे निवांत असणार. जुन्या सिनेमात माणसं आधी खुर्चीत बसतात, मग बोलतात, मग उठतात.

"मला असलं बघवत नाही," ताई म्हणाल्या. "तुझे बाबा सुरुवातीच्या नावांच्या पाट्या पडतानाच घोरायला लागतात." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू बघ रे आधी. पोरांना दाखवण्यासारखा आहे का सांग. पिहूसुद्धा बसणार आहे, ती पहिलीत आहे अजून. तू म्हणशील तसं करू."

तू म्हणशील तसं! उभ्या आयुष्यात मला असं कोणी म्हटलं नव्हतं. घरी माझं लग्न ठरलं आणि मोडलं, ते दोन्ही मला नंतर कळवलं होतं. आणि इथे एक शिकलेली बाई भरल्या घरात मला विचारत होती! मी छाती फुगवून म्हणालो, "बघतो ना ताई. त्यात काय!"

त्यात काय होतं ते सांगतो. मला भीती वाटते. साध्यासुध्या गोष्टींची वाटते. जत्रेत मौतका कुवा बघायला गेलो तर मी तिकिटाच्या रांगेतच खाली बसलो होतो. पण हे ताईंना सांगणार कसं? पहिल्यांदा कुणी मत विचारलंय, आणि मत काय, तर 'मला भ्या वाटतं'?

दुपारी केंद्रावर कुणी नव्हतं. रेहानच्या दादाकडून मोबाईलवर घेतलेला सिनेमा लावला, आवाज पूर्ण बंद केला आणि आमच्या धंद्यातली रीत वापरली. आम्ही कुणाचंही अख्खं दूध पिऊन बघत नाही. नमुना घेतो. पळीभर दुधावरून चाळीस लिटरचा कॅन कळतो. तसा मी सिनेमाचा वरून एक नमुना घेतला: तरुण पोरं-पोरी गाडीत बसून सहलीला चाललेली, हसतायत, खिदळतायत. उत्तम! मधून एक घेतला: तळं, झाडी, लाकडाचं घर, एक मुलगी दार उघडतेय आणि दाराबाहेर कोणीतरी... इथे मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दुसरीच मुलगी दुसरंच दार उघडत होती. पुन्हा मिटले. असं सात-आठ वेळा. शेवटी तळाचा नमुना: सकाळ झालेली, पोलिसांची गाडी, एक मुलगी घोंगडी पांघरून बसलेली आणि कोणीतरी तिला कपभर काहीतरी गरम देतंय.

झाली तपासणी. (नमुना घेण्याआधी कॅन तळापासून ढवळायचा असतो, नाहीतर साय वरच राहते आणि सगळी तपासणी खोटी निघते. हे मी रोज दहा जणांना ऐकवतो. सिनेमा ढवळता येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही!)

"कसा आहे?" संध्याकाळी ताईंनी विचारलं.

"चांगलाय. पोरं सहलीला जातात."

"आणि तो मुखवटेवाला?"

"तो त्यांच्या मागंमागं असतो."

"कशाला?"

"राखणदार असेल."

"मग मुखवटा कशाला?"

"तळ्याकाठी थंडी असती ना ताई."

"हातात काय असतं त्याच्या? श्रावणी म्हणत होती कोयता असतो."

"झाडी लई आहे तिकडं," मी म्हणालो.

"मारामारी-बिरामारी?"

"मला तरी दिसली नाही," मी म्हणालो. आणि हे शब्दाशब्दाने खरं होतं! "शेवटी चहा देतात."

मंजुरी मिळाली.

रविवारी दुपारी भाऊ केक आणायला संगमनेरला गेले. पुढच्या खोलीत खिडक्यांवर पशुखाद्याची पोती लावून पोरींनी अंधार केला. श्रावणी, रेहान, वर्गातल्या चार मैत्रिणी आणि सगळ्यांच्या पुढे, पार टीव्हीच्या नाकाशी, मांडी घालून पिहू. ताई स्वयंपाकघरात वडे तळत होत्या. मोठं माणूस म्हणून मला पोरांबरोबर बसवलं होतं.

पहिली दहा मिनिटं पोरं गाडीत हसली, खिदळली. माझा वरचा नमुना अगदी बरोबर निघाला. अकराव्या मिनिटाला राखणदार आला.

काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. पण या वेळी आवाज चालू होता!

"काय झालं रे?" स्वयंपाकघरातून ताई ओरडल्या.

"गाणं लागलंय ताई!"

"असलं गाणं?"

"इंग्रजी आहे!"

"मामा," पिहूने मान वळवून विचारलं, "तो काका मेला का?"

"नाही गं. झोपलाय."

"डोकं तिकडं ठेवून?"

मी रिमोट शोधायला लागलो. रिमोट रेहानच्या हातात, आणि रेहान रंगात आलेला. "अरे, कोयता असा धरत्यात व्हय? मनगट जाईल ना त्याचं! ह्याला ऊसतोडीला नेला तर दिवसभरात एक मोळी व्हायची न्हाई."

"आणि ही बया बघ," श्रावणीची एक मैत्रीण म्हणाली. "लाईट न लावता चालली बाहेर. हाक मारतीय 'कौन है?' तो काय नाव-गाव सांगणारे?"

पोरं खदाखदा हसत होती. आमच्याकडची पोरं ती! घरोघरी कोयता, कोंबडं कापताना पाय धरायला हीच, गाय व्यायला लागली की बॅटरी धरायलाही हीच. त्यांना त्या लाल रंगाचं काय कौतुक? "सॉस आहे," पिहू म्हणाली. "इतका पातळ नसतो खरा." मी भिंतीला इतका चिकटलो होतो की माझ्या पाठीला चुना लागला.

तेवढ्यात माझं लक्ष श्रावणीकडे गेलं. वाढदिवसाची मुलगी. ती पण हसत होती, पण सगळ्यांच्या एक क्षण मागून. उशी हनुवटीपर्यंत ओढलेली. आणि डोळे? घट्ट मिटलेले! मिटलेले डोळे मी लांबून ओळखतो. त्या विषयातला मी जाणकार आहे.

तिने एक डोळा उघडला, तो नेमका माझ्या उघडलेल्या एका डोळ्याला भिडला. दोघांनाही एकमेकांचं समजलं. पण ती बंद करा म्हणेना, कारण हट्ट तिचा. मी बंद करा म्हणेना, कारण मंजुरी माझी. असे आम्ही दोघं एका पापणीवर अडकून बसलो आणि तिकडे तो माणूस एकेकाला झोपवत सुटला.

आणि देव आहे! लाईट गेली.

"आऽऽऽ!" पोरं ओरडली. मी आणि श्रावणीने एकदमच श्वास सोडला. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "जाऊ द्या आता. लाईटचं काय खरं नाही. वडे खाऊ."

"अरे, थांबा, थांबा!" स्वयंपाकघरातून ताई म्हणाल्या. "पोरांचा सिनेमा अडला ना! जनरेटर लाव की रे. दूध थंड करायला लावतोच ना रोज? आज पोरांसाठी लाव. वाढदिवस आहे तिचा."

माया मला आयुष्यात कधी इतकी महागात पडली नव्हती.

जनरेटर गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. एकच खिडकी, तीही पोत्यांच्या थप्पीने झाकलेली. भर दुपारी आत अंधार. रोज मी तिथे गाणं म्हणत जातो. त्या दिवशी दाराशी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघालं, "कोण आहे?"

(हो. तीच चूक. दहा मिनिटांपूर्वी ज्या चुकीला सहा पोरं हसली होती तीच.)

उत्तर आलं नाही. आतून नुसता आवाज येत होता. खच्. खच्. खच्.

पळून जावं, हे कोणालाही सुचेल. मला वाटलं, जनरेटर न लावता परत गेलो तर ताई काय म्हणतील? म्हणून मी आत गेलो. दोन पावलं. आणि थप्पीमागून एक माणूस उठला. डोळ्यांपर्यंत तोंड बांधलेलं. हातात कोयता.

"नका!" मी किंचाळलो. मागे सरलो, पाय पोत्याला अडला आणि धाडकन कशावर तरी बसलो. बसल्याजागी हात जोडले. "मला मारू नका! मी सिनेमा बघितलाच नाही! डोळे मिटून बसलो हुतो! ताईंशी खोटं बोललो! तो राखणदार नाही, थंडी नाही, चहासुद्धा असेल का कुणास ठाऊक! मला मारू नका, मी खर्ड्याला जातो!"

मुखवटेवाल्याने तोंडावरचा टॉवेल खाली ओढला.

"कुणी मारलं रं तुला?" भाऊ म्हणाले.

भाऊ लवकर परतले होते. लाईट गेल्याने वैरण बारीक करायचं कुट्टी मशीन बंद (ते जनरेटरला ओढत नाही), गाया हंबरायला लागलेल्या, म्हणून माणूस धुळीपासून तोंड बांधून कोयत्याने मका तोडत बसला होता. इथला प्रत्येक माणूस तोंड बांधूनच वैरण तोडतो. मीही तसाच तोडतो. रोज!

"आणि कशावर बसलास ते बघ आधी," भाऊ म्हणाले.

मी हात मागे नेला. हाताला काहीतरी ओलं लागलं. दाराच्या उजेडात धरून बघितलं. लाल!

त्यापुढे मी भाऊंचं काही ऐकलं नाही. "मेलो, मेलो" करत अंगणात आलो. माझा आवाज ऐकून ताई झारा घेऊन बाहेर, पोरं बाहेर. सगळ्यांसमोर मी गोल फिरून पाठ दाखवली. पाठीपासून गुडघ्यापर्यंत लालच लाल!

पोरं पहिल्यांदाच गप्प झाली. फक्त पिहू पुढे आली. तिने माझ्या पँटला एक बोट लावलं, ते तोंडात घातलं, विचार केला आणि म्हणाली, "स्ट्रॉबेरी."

पोरींना आधी दिसू नये म्हणून भाऊंनी केक शेडमध्ये पोत्यावर ठेवला होता.

पोरं हसून हसून जमिनीवर लोळायला लागली. आणि त्या हसण्यातून एकदम हुंदका ऐकू आला. श्रावणी रडत होती. नुसती नाही, धाय मोकलून.

"अगं, केक दुसरा आणू!" भाऊ म्हणाले.

"केक नाही!" ती ताईंना बिलगली. "मला वाटलं मामाला खरंच... आई, तो सिनेमा बंद कर. मला मगासपासून भीती वाटतेय."

"मगासपासून? मग सांगायचं नाही का?"

"मीच मागितला होता ना! सगळे हसत होते. पिहूसुद्धा हसत होती!"

ताईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. भाऊंनी सगळं ऐकलं होतंच. माझा कबुलीजबाब बहुधा संगमनेरपर्यंत ऐकू गेला असेल.

मी खोलीत गेलो, पँट बदलली आणि या वेळी खरोखरची पिशवी भरायला घेतली. दोन शर्ट, एक चादर, चार्जर. भरायला फार वेळ लागत नाही, पण मी घड्या घालत बसलो. बाईने विश्वासाने पोरी हवाली केल्या आणि मी त्यातली एक घाबरवून ठेवली. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दारात ताई आल्या. हातात बशी, बशीत वडे आणि बाजूला चपटा केक.

"कुठं निघालास?"

"खर्ड्याला."

"आत्ता? दूध यायची वेळ झाली. फॅट काय मी काढू?"

मी चादरीची घडी उलगडून पुन्हा घातली.

"भीती वाटते हे सांगायला काय झालं होतं तुला?"

"ताई," मी म्हणालो, "तुम्ही म्हणालात, तू म्हणशील तसं करू. मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, 'भ्या वाटतं' म्हणालो, तर परत कधी विचारणार नाही."

त्या आत आल्या. मग बशी पिशवीवर ठेवली, जेणेकरून पिशवी उचलता येऊ नये. "ज्याला भीती वाटते त्यालाच विचारायला पाहिजे होतं, खुळ्या," त्या म्हणाल्या. "तू डोळे मिटले, हेच उत्तर होतं. तेवढं सांगितलं असतंस तर माझी श्रावणी वाचली असती. वडे गरम आहेत तोवर खा. आणि त्या पँटला गार पाणी लाव, डाग राहील."

डाग राहिला. मीही राहिलो.

असले सिनेमे पोरांना दाखवावेत की नाही, यावर आमच्या घरात नंतर बरीच चर्चा झाली. भाऊ म्हणाले, अजिबात दाखवू नयेत. रेहान म्हणाला, दाखवावेत, पण कोयता धरायला शिकवून. मला विचाराल, तर वयावर काही नसतं. पहिलीतली पोर जेवताना आतड्यांच्या गप्पा मारते आणि सातवीतली उशी सोडत नाही. बघणारं पोर कुठलं आहे, ते बघावं. आणि ते बघायला बघणाऱ्याचे डोळे उघडे असावेत.

ताईंनी मात्र त्यातून कायमची व्यवस्था लावली. आता घरात कुठलाही नवा सिनेमा आला की तो आधी पिहू बघते. अख्खा बघते. मग श्रावणीला आणि मला चालेल का, ते सांगते. पहिलीतली पोर आहे, पण कामाला पक्की.

मागच्या महिन्यात तिने आमच्यासाठी एका कुत्र्याचा सिनेमा मंजूर केला. "दीदीला चालेल," ती म्हणाली. "मामाला पण चालेल. पण मध्ये कुत्रा हरवतो, तेव्हा मी मामाच्या शेजारी बसते."

बसली. कुत्रा सापडेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. कुत्रा सुखरूप घरी आला, श्रावणीने टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या दिवशी दोन चपात्या कमी गेल्या.